मधला रिकामा चौकोन

“हा मधला चौकोन कोण बांधतंय?” माँट्रियलहून देरोझिए यांनी व्हिडिओ कॉलवर विचारलं, आणि कॉलवरच्या बाकी तिन्ही शहरांतले माइक पटापट बंद झाले.

विनिपेगमध्ये व्हर्ना कोवाल्चुकने गार झालेल्या कॉफीचा घोट घेतला. शहरातला बर्फ उपसणाऱ्या गाड्यांना रस्ते वाटून देणारं सॉफ्टवेअर तिने आखलं होतं; ते बांधणार होत्या हॅलिफॅक्स आणि ग्वादालाहाराच्या तुकड्या. पडद्यावरच्या सामायिक फळ्यावर तिचा चौकोन-बाणांचा आराखडा पसरला होता आणि परीक्षक देरोझिए त्यावर धोक्याच्या लाल चिठ्ठ्या डकवत होते. त्यांनी नापास केलं, की या हिवाळ्यातही गाड्या फोनवर ओरडूनच पाठवायच्या.

मधल्या चौकोनावर मात्र एकही लाल चिठ्ठी नव्हती. सबंध आराखड्यात तेवढाच निर्दोष.

“हॅलिफॅक्सचा असेल,” ग्वादालाहाराहून रोहेलियो म्हणाला. “आम्ही आमचे बाण तिथवर आणून सोडलेत.”

“आमचा?” हॅलिफॅक्सची इश्बेल उसळली. “अरे बाबा, आम्ही तुमच्या भरवशावर बाण जोडलेत!”

“कुणाचाच नाही,” व्हर्ना म्हणाली. “रस्त्यांचे नकाशे कुणी सांभाळायचे, यावरून तुम्ही दोघं मे महिन्यात भांडत होतात. भांडण थांबावं म्हणून मी मध्ये एक चौकोन काढला. आत काही नाही.”

देरोझिए हसले. ते हसतात हे कुणालाच माहीत नव्हतं.

“परीक्षेत खरं बोलणारं माणूस आज भेटलं,” ते म्हणाले. “या चौकोनाला कुणीतरी वाली शोधा, आराखडा पास.”

 फळ्यावरचा चौकोन हळूच हॅलिफॅक्सच्या बाजूला सरकू लागला. मग झटक्यात ग्वादालाहाराकडे. पुन्हा हॅलिफॅक्स.

“मंडळी, कर्सरखाली तुमची नावं दिसतात, बरं का,” देरोझिए म्हणाले.

चौकोन अधांतरी थांबला. व्हर्नाने उसासा टाकला, तो विनिपेगच्या रकान्यात ओढला आणि त्यात स्वतःचं नाव टाइप केलं.

“पास,” देरोझिए म्हणाले.

“नकाशे विनिपेगनेच सांभाळावेत, असं आम्ही पहिल्यापासून म्हणत होतो,” रोहेलियो म्हणाला.

“आम्हीसुद्धा,” इश्बेल म्हणाली.

दोन्ही शहरांतून संमतीच्या हिरव्या चिठ्ठ्या चौकोनावर पडू लागल्या. बघता बघता त्यांच्याखाली व्हर्नाचं नाव दिसेनासं झालं.