शेंड्यावर

“दीदी, अळ्या मरतील म्हणून तुम्ही दिलेली बुरशी फवारली, तर त्या उलट तरतरीत झाल्या. बघा, पार सोयाबीनच्या शेंड्यावर चढून बसल्या!” शेतकरी वैतागून म्हणाला.

सकाळपासून प्रत्येक बांधावर दिलेलं उत्तर नीलिमाने थकल्या आवाजात पुन्हा दिलं. “तरतरीत नाही झाल्या, भैया. बुरशीने आतून संपत आली की अळी वर चढते, पान घट्ट धरून बसते. मग मरते.”

तेवढ्यात जबलपुरातल्या घरून धाकट्या भावाचा फोन आला.

“ताई, दुखण्यामुळे पलंग न सोडणारे बाबा आज आपल्या पायांनी गच्चीवर गेले! कठडा धरून उभे आहेत, हसून राहिले.”

नीलिमा शेंड्यावरच्या अळीकडे बघत राहिली.

“त्यांच्याजवळच थांब,” ती म्हणाली. “मी येऊन राहिली.”