उजवा ब्रेक

“परत तोच?” शिवदासने सायकल स्टँडला अडकवली. “हिला आता भाडेकरू म्हणूनच ठेवून घेऊ का?”

“हसू नका, काका,” देवव्रत म्हणाला. “उजवा ब्रेक लागतच नाही. काल उतारावर एका बाईला धडकता धडकता वाचलो.”

बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या फाटकाजवळ शिवदासचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. ही माउंटन बाइक देवव्रतच्या मोठ्या भावाची. भाऊ जाऊन दोन वर्षं झाली होती. त्याची मुलगी गंधाली आता बारा वर्षांची. रविवारी तिला कान्हेरीच्या उतारावर पहिल्यांदा न्यायचं देवव्रतने कबूल केलं होतं. मध्ये चार दिवस होते.

पहिल्या खेपेला शिवदासने ब्रेकच्या तेलाच्या नळीतली हवा काढली होती. हवा शिरली की हँडलवरची लिव्हर स्पंजसारखी दबते आणि चाक थांबत नाही. लिव्हर कडक झाली, तक्रार तशीच राहिली. दुसऱ्या खेपेला त्याने पॅड बदलले, डिस्क स्पिरिटने पुसली, तेल नवं भरलं. तरीही देवव्रत आज पुन्हा दारात होता.

शिवदासने स्वतः चक्कर मारली. एका बोटाने उजवी लिव्हर ओढली. पुढचं चाक जागच्या जागी थांबलं, मागचं उचललं गेलं.

“मला तर लागतो रे. थांब, दोन्ही आपसांत बदलतो. उजवा डाव्या हाताला, डावा उजव्या. दोष ब्रेकचा असेल तर तोही डावीकडे जाईल. मग लपायला जागा नाही त्याला.”

अर्धा तास लागला. देवव्रत सायकल घेऊन फाटकापर्यंत गेला आणि आला.

“आता?”

“डावा झकास. उजवा लागत नाही.”

“नीट सांग. आता उजव्या हाताला आहे तो आधी डाव्या हाताला होता. त्याची तुझी कधीच तक्रार नव्हती.”

“उजवाच, काका.”

शिवदासने फडक्याला हात पुसले. सायकलकडे न बघता त्याने आपली दोन बोटं पुढे केली.

“दाब.”

देवव्रतने उजव्या मुठीत ती धरली. शिवदास वाट बघत राहिला.

“जोर लाव ना.”

“लावलाय.”

समोरून एक रिक्षा गेली. देवव्रतने बोटं सोडली आणि तळहात उलटून पाहिला. अंगठ्याखालचं मांस उतरलं होतं, तिथे खळगा पडला होता. महिनाभर तो ब्रेककडेच बघत होता.

“मानेतली नस दबली की होतं असं,” शिवदास घाईने म्हणाला. “डॉक्टरला दाखव.”

“दादाचा आजारही हातापासूनच सुरू झाला होता. पहिले सहा महिने आम्हीही नसच म्हणत होतो.”

देवव्रतने डाव्या हाताने सायकल पुन्हा स्टँडकडे सरकवली.

“गंधाली विचारायला येईल,” तो म्हणाला. “बापाला तिने तीन वर्षं घास भरवलेत. तिला सांगा, ब्रेक अजून दुरुस्त झालेला नाही.”