दाढेतला तुकडा

अकोटच्या दवाखान्यात डॉ. मैथिली सुभद्राबाईंच्या दाढेचं रूट कॅनॉल करत होती. दाढेच्या मुळातली नळी साफ करणारी, मशीनवर फिरणारी सुईसारखी बारीक फाइल अचानक हलकी लागली. बाहेर काढून पाहिली तर टोकच नव्हतं. वरून धड दिसणारी फाइल फिरून फिरून आतून पिचली होती आणि तिचा तुकडा दाढेच्या मुळात रुतून बसला होता.

मैथिलीनं तो काढायची खूप खटपट केली. तुकडा आणखीच खाली सरकला. दवाखाना नवा, बाहेर सुभद्राबाईंचे तापट यजमान महादेवराव बसलेले. शेवटी हातमोजे काढून तिनं खरं ते सांगून टाकलं.

"काकू, आत फाइल तुटली. मला ती निघत नाहीये. तुम्हाला अमरावतीला माझ्या सरांकडे जावं लागेल."

"अमरावतीले?" सुभद्राबाई खुर्चीत उठून बसल्या. बधिर ओठांतून शब्द नीट फुटत नव्हते. "माही पोरगी तिथंच हाये. मनानं लगन केलं म्हनून हे मले तिचं तोंड पाहू देत नाही. तिले लेकरू झालं, मी अजून पायलं नाही." त्यांनी मैथिलीचा हात घट्ट धरला. "आमच्या मालकायले तुमीच सांगा ना, बाई."

मैथिली बाहेर आली तसे महादेवराव उठले. "काहून, झालं नाही का?"

"नाही. काकूंना अमरावतीला जावं लागेल," ती म्हणाली, "आणि एकदा जाऊन भागणार नाही."