टर्बोला दम घेऊ दे

"थांब, उतरू नकोस. टर्बोला दम घेऊ दे," अभयराव म्हणाले.

निकिताने दारावरचा हात मागे घेतला. गाडी इमारतीखाली लागली होती, पण इंजिन गुरगुरतच होतं. टर्बोची, म्हणजे इंजिनाला जादा जोर देणारा पंखा बसवलेली गाडी चालवून आणली की लगेच बंद करायची नाही. आत टर्बो तापलेला असतो, इंजिन थोडा वेळ नुसतं चालू ठेवून त्याला निवू द्यायचं, हा बाबांचा नियम. ऐंशीच्या दशकातली लाल जपानी गाडी, दोनच दारांची. त्यांनी ती घेतली तेव्हा सगळ्या शनिवार पेठेने त्यांना वेड्यात काढलं होतं. हल्ली मात्र निकिताला खराडीच्या ऑफिसातून आणताना टेम्पोसुद्धा त्यांना मागे टाकून जात. वय झालं बाबांचं, म्हणून ती गालात हसे.

आई गेल्यापासून घरात दोघंच, आणि दोघंही घुमी. वर गेलं की बाबा पेपरात, ही कॉम्प्युटरपुढे. तोंड उघडायचं ते इथेच गाडीत, एकमेकांकडे न बघता. सलिलशी ठरलेलं लग्न मोडलं तेही तिने इथेच सांगितलं होतं आणि हमसून हमसून रडली होती. तेव्हापासून तिचा या गाडीवर फार जीव जडला होता.

आजही तिला काही सांगायचं होतं. कंपनी तिला दोन वर्षांसाठी अमेरिकेला पाठवत होती. सोमवारी हो की नाही ते कळवायचं होतं. बाबांना एकटं टाकून जायचं कसं, आणि सांगायचं तरी कसं?

"झालं का हो बाबा?"

"अजून तापलाय."

वॉचमन दोनदा डोकावून गेला.

"आज फारच वेळ लागतोय."

"पेट्रोल माझं जळतंय. तुझं काय जातंय?"

तिला हसू फुटलं आणि त्या हसण्याबरोबर सगळं बाहेर पडलं. अमेरिका, दोन वर्षं, सोमवार.

अभयरावांनी स्टिअरिंगवरून हात फिरवला.

"जा," ते म्हणाले. "कुकर लावता येतो मला."

मग त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

रविवारी बाबा मंडईत गेलेले पाहून निकिताने लोणी काळभोरच्या दशरथ मेकॅनिकला बोलावून घेतलं. गाडी पहिल्यापासून त्याच्याच हाताखालची.

"दशरथमामा, मी जायच्या आधी टर्बो नीट तपासून द्या. निवायला फार वेळ घेतो हल्ली. बाबा रोज ताटकळत बसतात."

दशरथने बॉनेटला हातही लावला नाही.

"टर्बो? ताई, तुमी नोकरीला लागला त्याच साली जळाला की त्यो. म्याच काढला. नवा बसवू म्हटलं, तर सायेब म्हनले, नगं, हाय तशीच चालू दे. फकस्त पोरीला सांगू नको."