सुपाचे रसिक

निजामी उर्दू जाऊन नुकत्याच मराठी झालेल्या पालमच्या शाळेत वाद्य एकही नव्हते, म्हणून गुरुजींनी मुसळ, रवी, घागर, सूप यांच्या नादांतून मुलांची एक रचना बसवली होती. उद्या तपासणीला साहेब येणार. ही रचना त्यांना रुचली नाही, तर संगीताचा तास कायमचा बंद होणार होता. सारे सुरळीत चाले. परंतु छोट्या कडूने सूप पाखडायला घेतले, की गावच्या कोंबड्या वर्गात धावत येत. आजही आल्या. गुरुजींचा संयम सुटला. “ही नादब्रह्माची उपासना, खुराडे नव्हे! कडू, सूप ठेव. उद्या तू नाहीस.” कडूचे डोळे भरले. “गुरुजी, हात चुकला तर कोंबड्या येतच न्हाईत. बगा, रिकाम्या सुपाला बी आल्या!” गुरुजींनी सूप उलटे करून झटकले; एक दाणाही पडला नाही. “उद्या तूच वाजव,” ते वैतागून म्हणाले, “आणि येताना ओंजळभर ज्वारी आण. रसिकांना उपाशी परत धाडू नये.”