उपवासाचा चहा

डॉक्टर अनुष्काने संगणकावर दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. दोन्ही गणूच्या मेंदूची. एक गोळी सुरू होण्याआधीचं, निळसर. दुसरं आजचं, सहा आठवडे गोळी घेतल्यानंतरचं. कपाळामागच्या भागात चांगलं लाल झालेलं.

"जिथे लाल, तिथे रक्त जास्त पोचतंय. एमआरआयमध्ये आम्ही तेच मोजतो," ती म्हणाली. "मावशी, गोळी काम करतेय!" नवीन औषध, पनवेलातले मोजकेच पेशंट, आणि असा फरक अजून कुणातच दिसला नव्हता. तिचा आनंद काही लपत नव्हता.

किशोरीने आईचा, रंभाचा, हात घट्ट धरला. गणू मात्र पंख्याकडे बघत बसला होता. ऐन उमेदीत धुक्यातसुद्धा खाडीतली वाट न चुकलेला हा माणूस गेलं वर्षभर बायकोला ओळखत नव्हता, आणि या सहा आठवड्यांत त्यात तसूभरही फरक पडला नव्हता.

"आज चहा दिला नाहीत ना?" कागदावर खुणा करता करता डॉक्टरने विचारलं.

"नाय. नर्सबायनी फोनवर बजावलं व्हतं," रंभा म्हणाली.

"छान. चहाने मेंदूतला रक्तपुरवठा कमी होतो, म्हणून विचारते. मागच्या वेळीही नव्हताच." आणि तिने खूण करूनही टाकली.

रंभाने त्या खुणेकडे पाहिलं. मागच्या वेळी 'उपाशी आणा' एवढंच तिच्या कानावर पडलं होतं. चतुर्थीला चालणारा चहा डॉक्टरच्या उपवासाला का चालू नये? असा सरळ विचार करून तिने निघताना गणूला दोन कप काळा चहा पाजला होता. म्हणजे ते निळं चहामुळे होतं. आजचं लाल गोळीचं नव्हतंच.

"तवा दिला व्हता," ती म्हणाली. "दोन कप."

डॉक्टरचं पेन थांबलं. "मावशी, नक्की आठवतंय? तसं असेल तर काकांचं नाव या औषधाच्या चाचणीतून काढावं लागेल. गोळ्याही थांबतील."

"आये, गप ऱ्हा ना!" किशोरी रडवेली झाली. "गोली चालू तं ऱ्हाईल. उद्या गुन आला तं?"

रंभाने नवऱ्याकडे पाहिलं. तो हसला, परक्या बाईकडे बघून हसावं तसा, अदबीने. तिचा जीव तुटला. गोळी बंद म्हणजे उरलीसुरली आशाही बंद, हे तिला कळत होतं.

"लिवा, डाक्तरीनबाय," ती म्हणाली. "नायतर या चितरावर भरोसा ठेवून दुसरी कुनी बाय रोज सकाली नवऱ्याच्या तोंडाकडं बगत बसंल, आज तरी माजं नाव घेल म्हून."