तातोबांच्या कपड्यांची धूळ

हिराबाईंच्या फुप्फुसांत ॲस्बेस्टॉसचा एकही तंतू सापडला नाही. दवाखान्यातल्या शेजारच्या पडद्यावर मात्र शेवंताची छाती तंतूंच्या निळ्या ठिपक्यांनी भरून गेली होती.

"प्रत्येक तंतूवर तातोबांचा घाम आहे," डॉक्टरीणबाई शेवंताकडे बोट दाखवत म्हणाल्या. "कारखान्यातले त्यांचे कपडे यांनीच वर्षानुवर्षं झटकून धुतलेत."

तातोबा रोज धुतलेल्या कपड्यांत घरी येत. ते गेल्यावरही हिराबाई त्यांच्या टापटिपीचं कौतुक सांगत. आता ते निळे ठिपके पाहून त्यांचा जळफळाट झाला. नवऱ्याचं एवढं सगळं हिच्याकडे राहिलं आणि आपल्याकडे काहीच नाही.

"तंतू विरघळले नाहीत तर यांचा श्वास बंद होईल," डॉक्टरीणबाई पुढे म्हणाल्या. "पण औषध फक्त कामगाराच्या घरच्यांना आणि घरातल्या नोकरांना मिळतं. या तुमच्या कोण?"

शेवंता खाली वाकून खोकू लागली.

"मोलकरीण," हिराबाई म्हणाल्या.

शेवंताने मान वर केली. "मोलकरीण? अक्का, मी त्यांची..."

"औषध पायजे का नको?"

"पायजे."

"मग गप मोलकरीण हो."